फेडोर मोठा की मिओचिच? वेगवेगळ्या काळातल्या हेवीवेट लढवय्यांची जोड लावायची कशी

सांगली जिल्ह्यात हा वाद जुनाच आहे. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने आजच्या मॅटवर उतरले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न जत्रेच्या मैदानाच्या कडेला कुणी ना कुणी काढतंच. जुना शौकीन म्हणतो, तसा पैलवान पुन्हा होणे नाही. शेजारचं कॉलेजातलं पोरगं म्हणतं, आजचा वेग बघा, जुन्या लोकांना पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, माणूस सापडला नसता. दोघेही मनापासून बोलतात, पण एकाचं दुसऱ्याला पटत नाही.

आता तोच वाद मोबाईलवरून मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमएपर्यंत पोचलाय. सकाळी मातीत घाम गाळणारी पोरं संध्याकाळी यूएफसी या अमेरिकी एमएमए स्पर्धेच्या लढती बघतात आणि भांडतात. कुणी रशियाच्या फेडोर एमेलियानेन्कोचा, कुणी अमेरिकेच्या स्टिपे मिओचिचचा, कुणी केन वेलास्केझचा, तर कुणी जॉन जोन्सचा. हा वाद नुसत्या आवडीनिवडीवर सोडून द्यावा असं मला वाटत नाही. त्यात मोजता येण्यासारखं बरंच आहे. कुठपर्यंत मोजता येतं आणि कुठे मोजमाप थांबतं, एवढं समजलं तरी अर्धं भांडण मिटतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमएमएमध्ये ठोसे, लाथा, कुस्ती आणि जमिनीवर गळा आवळणं किंवा सांधा पिळणं, हे सगळं एकाच लढतीत चालतं. समोरचा बेशुद्ध पडला किंवा मार सोसेना म्हणून पंचांनी थांबवलं तर नॉकआउट. त्यानं हातानं थापटून हार मानली तर सबमिशन. यातलं काहीच झालं नाही तर निकाल गुणांवर. हेवीवेट हा यूएफसीतला सगळ्यात वरचा वजनगट.

‘मोठा कोण’ यात तीन प्रश्न आहेत

भांडण मिटत नाही याचं मुख्य कारण असं की भांडणारे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. पहिला प्रश्न सरळ जोडीचा: दोघांनाही त्यांच्या ऐन भरातल्या दिवसांतून उचलून समोरासमोर सोडलं तर कोण जिंकेल? दुसरा प्रश्न वर्चस्वाचा: आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा कोण किती पुढे होता? तिसरा प्रश्न कमाईचा: सगळी कारकीर्द संपल्यावर कुणाच्या नावावर जास्त भारी माणसं आहेत?

या तिन्हींची उत्तरं एकच माणूस असेल असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. आणि पुराव्याच्या बाबतीतही तिन्ही सारखे नाहीत. दुसऱ्या प्रश्नाला भरपूर पुरावा मिळतो, कारण त्या लढती खरोखर झालेल्या असतात. तिसऱ्याला मिळतो, पण कोणता विजय किती वजनाचा हे ठरवावं लागतं. पहिला प्रश्न सगळ्यात चविष्ट आणि त्यालाच सगळ्यात कमी पुरावा. आपण मात्र भांडतो पहिल्यावर, आणि दाखले देतो दुसऱ्या-तिसऱ्याचे.

नियम बदलला की माणूस बदलतो

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने होते आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर होते. मान्यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण मिळालं आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांचं बरोबर उलटं झालं: ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोघांचेही वजनगट दोन्ही प्रकारांत तेच होते, स्पर्धा तीच होती, अंगातली ताकद तीच होती. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायांचा वापर करून डाव टाकता येत नाहीत, हा त्यातला मोठा फरक. तेवढ्यानं पदकाचा रंग बदलला.

त्याहून मोठा दाखला गामा पैलवानांचा. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची लढत अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. झ्बिस्को बहुतेक वेळ गादीवर पालथा पडून राहिला आणि गामांना तो उलटवता आला नाही. १९२८ साली पतियाळात मातीवर दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. वयानं दोघेही पन्नाशीला आले होते, म्हणजे वयाचा फायदा कुणा एकाला नव्हता. जमीन बदलली होती, नियम बदलले होते आणि पालथं पडून वेळ काढायची सोय उरली नव्हती.

हेवीवेट एमएमएमध्ये नेमकं हेच झालं, फक्त दर चार-पाच वर्षांनी. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगटच नव्हते. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये रॉयस ग्रेसीनं त्याच्यापेक्षा कितीतरी जड असलेल्या डॅन सेव्हर्न या पट्टीच्या कुस्तीगिराला खालून पायांच्या पकडीत गळा आवळून थापटायला लावलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये पहिल्यांदा हेवीवेट गट आला आणि मार्क कोलमन त्याचा पहिला विजेता ठरला. त्या वेळी डोक्याची धडक मारणं चालायचं, आणि खाली पाडून वरून हाणणाऱ्या कोलमनचं ते मोठं हत्यार होतं. त्याच वर्षी ते बंद झालं. १९९९ मध्ये राउंड आले. नोव्हेंबर २००० पासून यूएफसी एकत्रित नियमांखाली खेळू लागली आणि हेवीवेटची वरची मर्यादा २६५ पौंड, म्हणजे १२०.२ किलो, ठरली.

त्याच काळात जपानमध्ये प्राइड नावाची दुसरी स्पर्धा ऑक्टोबर १९९७ पासून जोरात चालू होती, आणि तिचे नियम वेगळे होते. पहिला राउंड १० मिनिटांचा, पुढचे दोन ५-५ मिनिटांचे. खाली पडलेल्याच्या डोक्यात लाथ घालता यायची, गुडघा मारता यायचा, पण डोक्यावर कोपर मारायला बंदी. जो मुद्दाम वेळ काढतो त्याला पिवळं कार्ड आणि मानधनात १० टक्के कपात. लढत दोरांच्या रिंगणात व्हायची, जाळीच्या पिंजऱ्यात नव्हे. गुण राउंडवार न मोजता सबंध लढत बघून निकाल द्यायचे. यूएफसीत याच्या उलट: कोपर चालतं, पडलेल्याच्या डोक्याला लाथ चालत नाही, प्रत्येक राउंडचे वेगळे गुण, आणि विजेतेपदाची लढत ५ मिनिटांच्या पाच राउंडची.

जाळी की दोर हा फरक बघणाऱ्याला किरकोळ वाटतो, पण कुस्तीगिराला विचारा. जाळीला पाठ लावून खाली पडलेला माणूस उठून उभा राहू शकतो, आणि जाळीलाच दाबून धरून वेलास्केझसारखा गडी समोरच्याला पाच राउंड दमवू शकतो. दोरांच्या रिंगणात दोन्ही गोष्टी धड जमत नाहीत. फेडोरनं सगळा नावलौकिक रिंगणात मिळवला, मिओचिचनं पिंजऱ्यात. म्हणून ‘दोघांची लावा’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या नियमांवर? रिंगणात, १० मिनिटांच्या पहिल्या राउंडला मी फेडोरच्या बाजूनं उभा राहीन. पिंजऱ्यात पाच राउंड असतील तर मिओचिच माझ्या लेखी किंचित वरचढ आहे.

नियमाचा असर एका माणसाच्या नोंदीवर कसा राहतो ते जोन्सकडे बघून कळतं. त्याच्या नावावर एकच हार आहे, डिसेंबर २००९ मधली मॅट हॅमिलविरुद्धची. ती तो जिंकत असलेली लढत होती. वरून सरळ खाली कोपर मारल्याबद्दल त्याला बाद केलं. नोव्हेंबर २०२४ पासून तसं कोपर मारायला परवानगी आहे. आज तीच लढत झाली असती तर ती हार त्याच्या नावावर लागली नसती.

काळ पुढे गेला की ज्ञानही पुढे जातं

जोडीच्या प्रश्नात आणखी एक अडचण आहे. नंतरच्या पिढीला आधीच्या पिढीचं सगळं बघायला मिळालेलं असतं. कोलमन जिंकत होता कारण त्याच्याखालून उठायचं कसं हे कुणाला माहीत नव्हतं. जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरनं खाली पडून निभावायचं शिकून घेतलं, कोलमनला दमवला आणि गुणांवर हरवलं. त्याच वर्षाच्या शेवटी रँडी कुटूर या ग्रीको-रोमन कुस्तीगिरानं स्मिथला हरवलं. पुढे क्रोएशियाच्या मिर्को क्रो कॉपनं पट काढायला येणाऱ्याला झटकून टाकायचं आणि डाव्या पायानं झोपवायचं तंत्र इतकं घोटलं की कुस्तीगीर त्याच्या पायात शिरायला बिचकू लागले. फेडोरनं सांबो ही रशियन कुस्ती, ज्युदो आणि ठोसे यांची अशी सांगड घातली की उभा आहे तोवर काय येणार आणि खाली गेल्यावर काय येणार, याचा समोरच्याला अंदाज येईना. वेलास्केझनं हेवीवेटमध्ये पाच राउंड न थांबता दाब देता येतो हे दाखवलं. प्रत्येकानं मागच्यांचं कोडं सोडवलं आणि पुढच्यांसाठी नवं कोडं ठेवलं.

तेव्हा २००४चा माणूस जसाच्या तसा उचलून २०२०च्या माणसासमोर ठेवला, तर २०२०वाला सोळा वर्षांची शिकवणी घेऊन आलेला असतो. तो जिंकला तर त्यात त्याची थोरवी किती आणि जन्मसालाची किती? खरी तुलना करायची तर जन्मसालही बदलून बघायला हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, आणि १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. चार वर्षांत हाडं बदलत नाहीत. मॅटची सवय आणि जगातल्या कुस्तीची ओळख झाली होती. फेडोरला आजच्या सुविधा, आजचे सरावाचे जोडीदार आणि आजची चित्रफीत मिळाली असती, तर तो २००४चा फेडोर राहिला नसता. म्हणून माझ्या मते जोडीचा प्रश्न रंगवायला छान आहे, पण थोरवी ठरवायला तो वापरू नये. थोरवी दुसऱ्या प्रश्नावर ठरते: आपल्या काळातल्या लोकांपासून किती अंतर काढलं.

हेवीवेटमध्ये किताब का टिकत नाही

अंतर मोजायला निघालं की लोक सगळ्यात आधी विजेतेपद किती वेळा राखलं ते मोजतात. हेवीवेटमध्ये हे माप चालत नाही. यूएफसीच्या फ्लायवेट गटात डिमेट्रियस जॉन्सननं सलग ११ वेळा किताब राखला, मिडलवेटमध्ये अँडरसन सिल्वानं सलग १० वेळा. हेवीवेटचा विक्रम सलग ३ वेळांचा, आणि तो मिओचिचचा. हेवीवेट गडी कमी कसाचे असतात म्हणून असं होतं का? नाही.

पहिलं कारण वजनाचं. खालच्या गटांत एका गटाची रुंदी साडेचार ते नऊ किलो असते. हेवीवेट ९३ किलोच्या वर सुरू होतो आणि १२०.२ किलोला संपतो, म्हणजे २७ किलोंची तफावत. फेडोर सुमारे १०५ किलोंचा होता. मिओचिचला हरवणारा कॅमेरूनचा फ्रान्सिस एनगानू वरच्या मर्यादेला टेकलेला. एवढ्या वजनाचा ठोसा नीट बसला की आधीच्या चार राउंडांचा हिशेब पुसला जातो.

दुसरं कारण शुद्ध गणिताचं आहे, आणि ते एकदा डोक्यात शिरलं की नोंदी वाचायची पद्धतच बदलते. समजा एखादा गडी इतका भारी आहे की कुणाशीही लावा, दहापैकी आठ वेळा तो जिंकेल. असा माणूस सलग चार लढती जिंकण्याची शक्यता किती? ०.८ चार वेळा गुणायचं: सुमारे ४१ टक्के. सलग दहा जिंकण्याची? ११ टक्क्यांच्याही आत. म्हणजे सगळ्यांपेक्षा स्पष्टपणे सरस असलेला माणूसही बहुतेक वेळा दहाच्या आत कुठेतरी पडणारच. हलक्या गटात एका ठोक्यानं खेळ संपायची भीती कमी असते, म्हणून तिथे हीच शक्यता ९०-९५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि विजयांच्या माळा लांबतात. जड गटात नशिबाचा हिस्सा मोठा असतो.

आता याच चष्म्यातून फेडोरची माळ बघा. डिसेंबर २००० मध्ये जपानच्या कोसाकाविरुद्ध जखमेमुळे १७ सेकंदांत लढत थांबली आणि फेडोरच्या नावावर हार लागली. त्यानंतर २६ जून २०१० पर्यंत तो हरला नाही. या साडेनऊ वर्षांत २७ विजय आणि एक निकालाविना सुटलेली लढत. दर लढतीला जिंकायची शक्यता ९० टक्के धरली तर सलग २७ विजयांची शक्यता जेमतेम ६ टक्के येते. ९५ टक्के धरली तरी २५ टक्के. हे कोणत्याही गटात अवघड आहे, आणि ज्या गटात एक ठोसा पुरतो तिथे तर फारच.

यावर रास्त आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. त्या २७ विजयांत समोरचे सगळे पट्टीचे नव्हते. जपानला भव्य देखाव्याची आवड होती. सात फुटांहून उंच होंग मान चोईसारखे राक्षसी देहाचे पण एमएमएत नवखे गडी त्यात आहेत. असे विजय काढून टाका, ते काढल्यानंही काम भागतं. कारण मग जे उरतात ते असे: तेव्हाचा प्राइड विजेता नोगेरा, ज्याच्या पायांच्या पकडीत जायला जग घाबरायचं आणि मार्च २००३ मध्ये फेडोर त्याच पकडीत शिरून २० मिनिटं वरून हाणत बसला. ऑगस्ट २००५ मधला क्रो कॉप, ज्याला फेडोरनं त्याच्याच आवडीच्या उभ्या लढतीत मागे रेटत नेलं. आणि यूएफसीचे चार माजी हेवीवेट विजेते: कोलमन, केव्हिन रँडलमन, टिम सिल्व्हिया आणि आंद्रेई अर्लोव्स्की. रँडलमननं त्याला उचलून डोक्यावर आपटलं होतं. ते बघताना अजूनही छातीत धस्स होतं. दीड मिनिट पुरं होतंय तोवर फेडोरनं त्याचा हात पिळून लढत संपवली होती.

‘यानं त्याला मारलं’ ही साखळी का तुटते

दोन काळ जोडायचा लोकांचा आवडता मार्ग म्हणजे दोघांशीही लढलेला तिसरा माणूस. फेडोर आणि मिओचिच यांच्यात असे तिघे बडे गडी सापडतात: अर्लोव्स्की, मार्क हंट आणि ब्राझीलचा फॅब्रिसियो वेर्दुम. वरवर हिशेब सोपा वाटतो. मिओचिचनं तिघांनाही हरवलं. फेडोरनं दोघांना हरवलं आणि वेर्दुमकडून ६९ सेकंदांत हरला. झाला निकाल?

वयं बघा. फेडोरनं हंटला हरवलं तेव्हा हंट ३२ वर्षांचा होता. मिओचिचसमोर आला तेव्हा ४१. फेडोरसमोरचा अर्लोव्स्की २९ वर्षांचा, मिओचिचनं ५४ सेकंदांत झोपवलेला अर्लोव्स्की ३६ वर्षांचा. नावं तीच, माणसं ती नव्हेत. वेर्दुमचं मात्र वेगळं आहे आणि इथे सरळ नियम लावता येत नाही. फेडोरला हरवताना तो ३२ वर्षांचा होता, मिओचिचकडून हरताना ३८, पण त्या वेळी तो यूएफसीचा विजेता होता आणि खेळात आधीपेक्षा तयार झालेला होता. म्हणून त्या तीन विजयांतला वेर्दुमवरचा विजय मी पूर्ण वजनाचा धरतो, बाकीचे दोन अर्ध्या वजनाचे.

त्यातही साखळी सरळ जातेच असं नाही. लढतीत शैलीला शैली अडते. एखाद्याचा हातखंडा डाव नेमका ज्याला सुटत नाही असा प्रतिस्पर्धी असतो, आणि तोच दुसऱ्या कुणाकडून सहज हरतो. जागेचाही असर होतो. जून २०१५ मध्ये वेलास्केझ वेर्दुमकडून हरला ते मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर. वेर्दुम आधीच जाऊन विरळ हवेची सवय करून आला होता. ज्याची सगळी ताकद न थकण्यात होती, तो वेलास्केझ तिसऱ्या राउंडपर्यंत दमून गेला.

आकड्यांची पद्धत आणि दोन वेगळी तळी

साखळीपेक्षा शहाणी पद्धत बुद्धिबळातून आली आहे. अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आर्पाड एलो यांनी ती बसवली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघानं ती स्वीकारली. कल्पना अशी: प्रत्येकाकडे काही गुण असतात. लढत झाली की हरणाऱ्याचे काही गुण जिंकणाऱ्याकडे जातात. किती जायचे ते आधीच्या फरकावर ठरतं. १६०० गुणांवाल्यानं १४०० वाल्याशी खेळावं, तर पद्धत म्हणते की वरच्याला सुमारे ७६ टक्के यश अपेक्षित आहे. तो जिंकला तर अपेक्षितच घडलं, म्हणून त्याला ८ च्या आसपास गुण. हरला तर मोठा धक्का, म्हणून खालच्याला सुमारे २४ गुण. बलाढ्याला हरवण्याचं मोल आपोआप वाढतं आणि कच्च्या गड्यांवरच्या विजयांना फारसं काही मिळत नाही.

हेवीवेटला ती लावायला दोन अडथळे येतात. बुद्धिबळपटू वर्षात कितीतरी डाव खेळतो, हेवीवेट लढवय्या मोठ्या पातळीवर वर्षाला दोन-तीन वेळा उतरतो. आकडा खरा व्हायच्या आत माणूस म्हातारा होतो. दुसरा अडथळा जास्त गंभीर आहे. एलोचे गुण आपसात खेळणाऱ्या गटापुरतेच खरे असतात. २००० ते २००७ या काळात प्राइड आणि यूएफसी ही जवळजवळ वेगळी तळी होती. एका तळ्यातले १८०० आणि दुसऱ्यातले १८०० सारखे आहेत हे कळायला इकडचे लोक तिकडे जाऊन लढावे लागतात.

२००७ मध्ये यूएफसीच्या मालकांनी प्राइड विकत घेतली आणि माणसं इकडे आली, पण पुरावा दोन्हीकडे ओढतो. क्रो कॉप एप्रिल २००७ मध्ये ब्राझीलच्या गोंझागाच्या लाथेनं आडवा झाला, त्याच्याच लाडक्या डावानं. उलट नोगेरानं फेब्रुवारी २००८ मध्ये सिल्व्हियाला हरवून यूएफसीचा अंतरिम किताब, म्हणजे मुख्य विजेता लढू शकत नसताना दिला जाणारा तात्पुरता किताब, घेतला. फेडोर यूएफसीत कधीच लढला नाही, पण जुलै २००८ मध्ये त्यानं त्याच सिल्व्हियाला ३६ सेकंदांत संपवलं आणि जानेवारी २००९ मध्ये अर्लोव्स्कीला. माझा निष्कर्ष असा की २००३ ते २००५ मध्ये हेवीवेटचं खोल पाणी जपानमध्ये होतं. यूएफसीचं पाणी खोल झालं ते वेलास्केझ आणि ब्राझीलचा दोस सांतोस आल्यावर.

औषधचाचणीचाही विचार करावा लागतो. जुलै २०१५ पासून यूएफसीत वर्षभर, न सांगता चाचण्या सुरू झाल्या. प्राइडच्या काळात जपानमध्ये तशी व्यवस्था नव्हती. यावरून कुणा एकावर बोट ठेवणं अन्याय होईल. पण २०१५ नंतरच्या विजेत्यांनी जास्त कडक पहाऱ्यात काम केलं, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग माझा क्रम

वर्चस्वाच्या प्रश्नावर मी फेडोरला पहिला धरतो, आणि त्यात मला शंका नाही. आपल्या काळातल्या सगळ्यात खोल पाण्यात, स्वतःपेक्षा जड माणसांसमोर, साडेनऊ वर्षं. ३३व्या वर्षी तो वेर्दुमकडून हरला, मग लागोपाठ आणखी दोनदा, आणि शेवटची लढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ४६व्या वर्षी. उतरणीच्या त्या वर्षांनी त्याची कमाई थोडी घटते, चढणीच्या वर्षांचं अंतर घटत नाही.

कमाईच्या प्रश्नावर मिओचिच. ओहायोत अग्निशमन दलाची नोकरी करत लढणाऱ्या या माणसानं यूएफसीचा किताब कधी ना कधी घेतलेले पाच जण हरवले: अर्लोव्स्की, वेर्दुम, दोस सांतोस, एनगानू आणि डॅनियल कोर्मिए. जानेवारी २०१८ मध्ये एनगानूला त्यानं पाच राउंड ज्या शांतपणे खेळवलं, ती लढत तालमीतल्या प्रत्येक पोरानं बघावी. ताकदीला ताकद न लावता दम आणि पकड वापरायची कशी, ते सगळं त्यात आहे. कोर्मिएकडून तो २०१८ मध्ये हरला आणि पुढच्या दोन्ही लढतींत त्यानं कोर्मिएला हरवलं. त्याच्या नावावर पाच हारी आहेत. वर सांगितलेलं गणित लक्षात ठेवलं तर अशा गटात त्या खटकत नाहीत.

वेलास्केझला अनेक जण पहिला मानतात. भरात असताना तो मला या सगळ्यांत बघायला सर्वात भयंकर वाटला. पण ऑक्टोबर २०१३ नंतर दुखापतींमुळे तो थेट जून २०१५ला उतरला, आणि जे घडलंच नाही त्याचे गुण देता येत नाहीत. त्याला मी तिसरा ठेवतो. एनगानू जानेवारी २०२३ मध्ये विजेता असतानाच यूएफसी सोडून गेला, त्यामुळे जोन्सशी त्याची लढत राहिली ती राहिलीच. जोन्स या खेळाच्या इतिहासातल्या सर्वात मोठ्या नावांपैकी आहे, पण ते नाव लाइट हेवीवेटमध्ये, म्हणजे एक गट खाली, कमावलेलं. हेवीवेटमध्ये तो दोनदा लढला: मार्च २०२३ मध्ये सिरिल गानविरुद्ध आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ४२ वर्षांच्या मिओचिचविरुद्ध. दोन्ही जिंकला आणि जून २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. दोन लढतींवर मी कुणालाही या यादीत बसवणार नाही. इंग्लंडचा टॉम ॲस्पिनॉल नोव्हेंबर २०२३ पासून अंतरिम किताब घेऊन जोन्सच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. जोन्स गेल्यावर पूर्ण किताब त्याच्याकडे आला, तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता, आणि जड गटात एवढ्या चपळाईचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्या लढतींची संख्या वाढेल तशी वरची तिन्ही नावं पुन्हा तपासायला लागतील.